पाच संदेश

१६ ऑगस्ट २०१२. मारतहळ्ळीतल्या आमच्या इमारतीच्या वॉचमनने संध्याकाळी फोन पुढे केला आणि म्हणाला, "दीदी, इसमें क्या लिखा है?" तो आसामचा होता. संदेश इंग्रजीत, पाठवणाऱ्याचं नाव नाही. ईदच्या आत ईशान्येकडच्या लोकांनी शहर सोडावं, नाहीतर जिवाला धोका आहे, असा मजकूर. मी त्याचं हिंदी करून सांगितलं आणि पुढे आपल्या पदरचं जोडलं, "झूठ है." भाषांतरकाराने मूळ मजकुरात आपलं वाक्य घालायचं नसतं. "आपको कैसे पता?" त्याने विचारलं. त्याच रात्री तो स्टेशनवर गेला.

मला खरंच काय माहीत होतं? जुलैपासून कोक्राझार पेटलेलं होतं. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावरच्या सभेनंतर हिंसाचार होऊन दोघांचा जीव गेला. पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली होती, म्हैसूरमध्ये एका तिबेटी विद्यार्थ्यावर हल्ला झाला होता. म्हणजे अफवेला खालून थोडी खरी माती होती. तिच्यावर फोनमधून भलतीच चित्रं फिरत होती, दुसऱ्याच देशांतली, दुसऱ्याच दुर्घटनांची. बंगळूरमध्ये कोणावर सामूहिक हल्ला झाला नव्हता, एवढ्यापुरतं माझं "झूठ है" खरं होतं. पण ज्याचा चेहराच पत्ता सांगतो, त्याने किती टक्के खरं असेपर्यंत थांबायचं?

१५ तारखेपासून बंगळूर सिटी स्टेशनवर गर्दी लोटली होती. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. गृहमंत्री आर. अशोक फलाटावर जाऊन लोकांना थांबा म्हणून विनवत होते. हॉटेलांतली पोरं, पार्लरमधल्या मुली, सिक्युरिटीची माणसं, विद्यार्थी असे हजारो लोक तीन दिवसांत निघून गेले. आमच्या रिंग रोडवरच्या कितीतरी खानावळींत त्या आठवड्यात मालक स्वतः ताटं उचलत होते.

१७ तारखेला केंद्राने देशभर घाऊक एसएमएस आणि एमएमएसवर १५ दिवसांची बंदी घातली. तोवर गाड्या सुटल्या होत्या. साध्या माणसासाठी बंदीचा अर्थ दिवसाला पाच संदेश. पुढे ते २० झाले आणि महिनाअखेरीस बंदी उठली. व्हॉट्सॲप अजून सर्वांच्या हाती नव्हतं, आमचं सगळं एसएमएसवर चाले. मी १८ तारखेला पुण्याच्या दोन मैत्रिणींना, भावाला आणि आईला (तिला दोनदा, कारण एका संदेशात तिचं समाधान होत नाही) लिहिलं, आणि वॉचमनला "पहुँच गए?" विचारायला सहावा उरलाच नाही. गंमत नव्हती ती. अफवा पसरवणाऱ्याचं काम एका संदेशात होतं. धीर देणाऱ्याला मात्र एकेकाला वेगळं लिहावं लागतं.

त्याच आठवड्यात सरकारने इंटरनेटवरच्या काही जागा बंद करण्याचे आदेश काढले. बंगळूरच्याच सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीचे प्रणेश प्रकाश यांनी ती यादी तपासली. १८ ते २१ ऑगस्ट या चार दिवसांतल्या ३०९ नोंदी. त्यांत अफवांचं खंडन करणारी पानंसुद्धा होती. चित्र कुठलं आहे, खोटं कसं आहे हे सांगायला ज्यांनी ते चित्र छापलं, तेही चित्राबरोबर गेले. मला या यादीत माझंच काम दिसतं. मी नाही का, तो संदेश शब्दशः उच्चारूनच खोटा ठरवू पाहिला?

या साऱ्याची कायदेशीर भाषा जुनी आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने सरकारला सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षिततेसाठी संदेश अडवून ठेवण्याचा अधिकार दिला. आपल्या आजोबांच्या घरी तार आली की बायका आधी रडू लागत. त्या तारेचा कायदा इंटरनेटपर्यंत ताणला गेला. २०१७ पर्यंत स्थानिक अधिकारी बहुधा जमावबंदीच्या १४४ कलमावर इंटरनेट बंद करत. त्या वर्षी तार अधिनियमाखाली वेगळे नियम आले आणि २०२० मध्ये एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा लागली. तेच पंधरा दिवस! पण आदेशामागून आदेश काढता येतो.

२०११ च्या जानेवारीत इजिप्तने देशाचं इंटरनेट बंद केलं, तेव्हा जग चकित झालं होतं. ते सुमारे पाच दिवस चाललं. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये तोडलेलं फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं. मधल्या काळात, जानेवारी २०२० मध्ये, अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर केले पाहिजेत असं सांगितलं. २०२३ मध्ये जूनमध्ये कोल्हापूर झालं, मग मराठा आंदोलनात बीड-जालना. जालन्याच्या बहिणीला साधा फोन लागत होता. ती म्हणाली, "इथे सगळे एकमेकांना विचारतात, खरं काय झालंय? कोणालाच ठाऊक नाही."

वॉचमन दिवाळीनंतर परत आला. त्याचं गाव शांत होतं, पण कामही नव्हतं. मी त्याला सांगितलं की तुला संदेश पाठवायचा राहिला. तो म्हणाला, गाडीत डब्याभर लोक फोन हातात धरून बसले होते; घरून काही येत नाही म्हणजे तिथेही काहीतरी झालं, असं सगळ्यांना वाटत होतं.