वायुविनिमय, फुप्फुसांतील

फुप्फुसे ऑक्सिजन ओढून घेतात, असे आपण सहज म्हणतो. पण त्यांत तो ओढणारे काहीच नाही. मध्यपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि आतला दाब किंचित उतरल्याने हवा शिरते. पुढचे काम निव्वळ विसरणाचे. वायुकोशात ऑक्सिजनचा आंशिक दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिमी, तर तेथे येणाऱ्या काळपट लाल रक्तात सुमारे ४०. मधला पडदा एक मायक्रोमीटरहूनही पातळ. विश्रांतीत तांबडी पेशी केशवाहिनीत पाऊण सेकंदच असते, पण निरोगी फुप्फुसात पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन जवळपास पूर्ण भरतो. कार्बन डाय-ऑक्साइडच्या दाबातला फरक जेमतेम ५ मिमी. तरी तो अधिक विद्राव्य असल्याने सहज बाहेर पडतो.

यावर गंभीर आक्षेप होता. फुप्फुस ग्रंथीप्रमाणे ऑक्सिजन रक्तात ढकलते, असे क्रिस्टियान बोर मानत. विरळ हवेत माणूस तगतो कसा, हा प्रश्नही रास्त होता. १९११ मध्ये पाइक्स पीक शिखरावरील मोजमापांतून जॉन हॉल्डेन यांनाही तसेच वाटले. पण त्यांनी धमनीतला ऑक्सिजन अप्रत्यक्षपणे काढला होता, आणि खरी उणीव तीच. ऑगस्ट व मारी क्रोग यांनी १९१० मध्येच विसरण पुरेसे असल्याचे दाखवले होते. १९२० मध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट केंब्रिजला विरळ ऑक्सिजनच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले आणि त्यांनी स्वतःच्या मनगटाची धमनी उघडू दिली. तिच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब वायुकोशातल्यापेक्षा जास्त नव्हता.