पेटीचें विसरणें

आपलें क्षणापूर्वींचें वादन परत ऐकावें व त्यावर नवें वाजवावें, ही सोय आज पायानें दाबावयाच्या एका लहानशा पेटींत मिळते. तिला ‘लूपर’ म्हणतात. ती निवडतांना गिटारवादक प्रथम तिची मुदत विचारतो. आमच्या मतें हा प्रश्न दुय्यम होय.

१९७२ च्या सप्टेंबरांत रॉबर्ट फ्रिप हा इंग्रज गिटारवादक ब्रायन ईनो याच्या लंडनमधील घरीं गेला. तेथें दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर मांडलेले होते. एकावर मुद्रित झालेली फीत दुसऱ्यावर जाऊन वाजे, आणि तो ध्वनि पुन्हां पहिल्याकडे परते. दोहोंमधील अंतर वाढविलें कीं आवर्तन लांबे; म्हणजे काळ येथें हातानें मोजतां येई! (ही युक्ति त्यांपूर्वींची. टेरी रायली या अमेरिकन संगीतकारानें १९६३ मध्यें पॅरिस येथें ती योजिली होती.) दर फेरीस जुना स्वर किंचित् मंदावे. चूक झाल्यास तीहि फिरून येई. ती विरेपर्यंत तिला सांभाळून घेणें एवढेंच वादकाच्या हातीं. १९७९ मध्यें फ्रिप अशीं यंत्रें घेऊन तबकड्यांच्या दुकानांतून व उपाहारगृहांतून एकटाच वाजवीत हिंडला.

पुढें फीत मागें पडली. १९९४ चा लेक्सिकॉन जॅममॅन मुळांत ८ सेकंद धरून ठेवी, २००१ चा बॉस आरसी-२० साडेपांच मिनिटें. पण पुष्कळ पेट्यांत पहिला स्वर शंभराव्या फेरीसहि जसाच्या तसा उभा! म्हणून घेणाऱ्यानें दुकानांतच एक स्वर मुद्दाम चुकवावा, आणि पेटी तो एकदम विसरते, हळूहळू विसरते, कीं मुळींच विसरत नाहीं, तें ऐकून घ्यावें.