घाटमाथ्यावरचं वादळ आणि हिरड्याची नोंद

चक्रीवादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. झुकलेल्या माडाच्या रांगा येतात, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या येतात. जुन्नर-आंबेगाव काही कुणाला आठवत नाही. हे तालुके पडले देशावरचे. पण जुन्नरकराला समुद्र कधीच फार लांब नव्हता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून इथे येत होता, तो सातवाहनांच्या काळापासून. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माल जिथून चढतो, तिथे वाऱ्याला कोण अडवणार?

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. तिथून ते ईशान्येकडे सरकत पुणे जिल्ह्यातून पुढे गेलं. जोर ओसरत चालला होता, तरी घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, पॉलिहाऊस फाटली. त्यात करोनाची टाळेबंदी. ज्या कर्मचाऱ्यांनी नुकसान पाहायचं, तेच गावोगाव साथीच्या कामाला जुंपलेले.

अशा वेळी गावात पहिली गोष्ट होते ती पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून फिरतात, नुकसान लिहितात, पंचांच्या सह्या घेतात. तो कागद तहसीलदाराकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्याकडे आणि शेवटी मंत्रालयात जातो. गावाने पुन्हा उभं कसं राहायचं, याचं जे काही नियोजन आपल्याकडे होतं, ते या कागदावर होतं. म्हणून त्या कागदात कोणते रकाने आहेत, याला फार महत्त्व आहे.

हे रकाने आजचे नव्हेत. ब्रिटिश अमदानीत दुष्काळ ठरवण्यासाठी पिकाची आणेवारी काढत. नाणी बदलली तशी ती पैसेवारी झाली. पण विचार तोच राहिला: पेरलेलं पीक, त्याचं क्षेत्र आणि त्याचं उत्पन्न. सातबाऱ्यावर पिकाला जागा आहे. झाडाची नोंद शेऱ्यात कोणी केली असेल तर असते. दुसरीकडे, 1878 च्या वनकायद्यापासून जंगलातलं जे जे काही, ते वनखात्याच्या वहीत गेलं. शेत एका वहीत, झाड दुसऱ्या वहीत.

आता दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात या. भीमाशंकर, आहुपे, आंबे-हातवीज, घाटघर. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. आणि रोख पैसा कशाचा म्हणाल तर हिरड्याचा. एप्रिल-मेमध्ये झाडावरची कोवळी फळं उतरवून उन्हात वाळवतात, हाच बाळहिरडा. तो व्यापारी घेतात, आदिवासी विकास महामंडळही घेतं. औषधाला लागतो. एकेकाळी तर कातडी कमावण्यासाठी मुंबई बंदरातून विलायतेला जात असे. भाताचं बियाणं, मुलांच्या वह्या, घराची शाकारणी, सगळं या पैशावर चालतं. घोडेगावच्या बाजारात हिरड्याची पोती मोजली जाताना मी पाहिली आहेत. त्या पोत्यांना शेतमाल म्हणायला माझ्या तरी मनात शंका आली नाही.

शंका सरकारी निकषांना होती. वादळाने हिरडा झडला, झाडं मोडली, काही उन्मळून पडली. नुकसान डोळ्यांना दिसत होतं. पण हिरडा ठरला गौण वनोपज. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या निकषांत तो पीकही नाही आणि फळबागही नाही. त्यामुळे भरपाई अडली.

निकष वाकत नाहीत असं मात्र नाही. त्याच वादळानंतर शासनाने बहुवार्षिक पिकांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली. कोकणातल्या वाडीत नारळ, सुपारी, आंबा एकात एक लावलेले असतात, तिथे हेक्टरचा हिशोब बसेना; तेव्हा नारळ-सुपारीसाठी झाडामागे मदत द्यायचं मान्य झालं. कोकणात झाड मोजता आलं. ते योग्यच झालं. मग घाटमाथ्यावरचं झाड का मोजता आलं नाही? माझ्या मते उत्तर साधं आहे. किनाऱ्याची आपत्ती म्हणून सगळ्यांची नजर किनाऱ्यावर होती, आणि हिरड्याचं झाड कोणत्या वहीतलं हेच ठरलेलं नव्हतं.

पुढे किसान सभेने आणि हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासींनी हा प्रश्न धरून ठेवला. निवेदनं झाली, आंदोलनं झाली, सरकारं बदलली. अखेर 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने ‘विशेष बाब’ म्हणून जुन्नर आणि आंबेगावच्या हिरडा नुकसानीसाठी सुमारे साडेपंधरा कोटी रुपयांची मदत मंजूर केली. मधे जवळजवळ चार वर्षं गेली.

हा काळ केवढा, ते याच आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवरून कळतं. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर कोसळला, 151 माणसं गेली. त्यानंतर नवी जागा शोधली, भूगर्भशास्त्रज्ञांकडून ती तपासून घेतली, आमडे इथे घरं, शाळा, रस्ते बांधले आणि 2 एप्रिल 2017 रोजी गाव लोकांच्या हाती दिलं. त्या कामातही उणिवा निघाल्या. पहिल्याच पावसात भराव खचला. तरी एक अख्खं गाव उभं राहायला पावणेतीन वर्षं पुरली. दोन्ही संकटांची तुलना करायची नाही, माणसं गेली तिथे पैशाचा हिशोब कसला? पण माळीणमध्ये काय गेलं हे कुणाला सिद्ध करावं लागलं नव्हतं. हिरड्याच्या बाबतीत तेच करण्यात वर्षं गेली.

आणि ‘विशेष बाब’ म्हणजे फक्त त्या वेळेपुरती. निर्णय 2020 च्या वादळापुरता आहे. पुन्हा वारा आला, तर पुन्हा निवेदनापासून सुरुवात.

या पट्ट्यातली बरीच गावं पेसा कायद्याखाली येतात. तिथे गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार 1996 च्या कायद्याने मानला आहे. राज्याचे नियम 2014 साली आले. कोणत्या बांधावरचा हिरडा कुणाच्या घरचा, हे गावातल्या जाणत्यांना तोंडपाठ असतं. ते ग्रामसभेच्या वहीत उतरवायला आणि त्याची नक्कल तहसीलला द्यायला नवा कायदा लागत नाही. हिरडा उतरवायला सुरुवात होते एप्रिलमध्ये. झाडं मोजायला फेब्रुवारी-मार्च मोकळे असतात.