कुबलाईचे ऑनसाइट इंजिनिअर: पाठवले की पळवले?



थोडा इतिहास, थोडी हेरगिरी, आणि शेवटी थोडं स्वतःचं. सांभाळून घ्या.

२०१४ साली आलेली 'मार्को पोलो' ही मालिका मी जरा उशिराच, दोन वीकेंडना सलग बसून पाहिली. त्यात कुबलाई खानाच्या फौजेला चीनमधलं एक तटबंदीचं शहर काही केल्या पडत नाही. मग आपला मार्को पुढे होतो आणि दगड फेकणारं एक प्रचंड यंत्र उभं करून देतो. यंत्र मी लगेच ओळखलं. हॉस्टेलवर 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये याच ट्रेब्युशेने मी रूममेटचे किती किल्ले पाडलेत याची गणती नाही. पण व्हेनिसच्या व्यापाऱ्याचा पोरगा हे कुठे शिकला, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून आधी तारखा तपासल्या. शहराचं नाव शियांगयांग. ते पडलं १२७३ च्या सुरुवातीला. मार्को घरून निघाला १२७१ साली आणि कुबलाईकडे पोचला १२७५ च्या आसपास. म्हणजे प्रॉडक्शनला रिलीज होऊन दोन वर्षं झाल्यावर साहेब जॉइन झाले!

आणि ही लोणकढी मालिकावाल्यांची नाही, खुद्द मार्कोच्या पुस्तकातच आहे. १२९८ च्या सुमारास जेनोआच्या तुरुंगात त्याने आपल्या आठवणी रुस्तिकेल्लो नावाच्या कथालेखकाला सांगितल्या. त्यात तो म्हणतो की आम्ही पोलो मंडळींनी, पदरी असलेल्या एका जर्मन आणि एका नेस्टोरियन ख्रिस्ती माणसाकडून, ही यंत्रं करवून घेतली. गंमत म्हणजे काही हस्तलिखितांत मार्कोचं नाव गळलंय, फक्त बाप आणि काका उरलेत. कुणातरी नकलनविसाला तेव्हाच शंका आली असणार.

मग खरं काम कुणाचं? इथून माझी चौकशी सुरू झाली.

आधी जागा समजून घेऊ. शियांगयांग आणि फानचेंग ही जोडशहरं, आजच्या हुबेई प्रांतात, हान नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. मधे नदीवर पूल. हान पुढे यांगत्सेला मिळते आणि यांगत्से हातात आली की दक्षिणेतल्या सुंग राज्याचा दरवाजाच उघडतो. म्हणून मंगोलांनी १२६८ पासून वेढा घातला. पाच वर्षं! घोडेस्वारांना नदी आणि तट दोन्ही नकोसे. शेवटी फितूर सुंग सेनापती ल्यू चेंग याच्या सल्ल्याने त्यांनी आरमार बांधलं. १२७२ मध्ये चांग शुन आणि चांग ग्वेई असे दोन वीर तीनेक हजार माणसं आणि होड्याभर रसद घेऊन वेढा फोडून आत घुसले. चांग शुन वाटेतच पडला, चांग ग्वेई परत येताना पकडला जाऊन मेला. तरी शहर उभंच.

यंत्रं मंगोलांकडे नव्हती असं नाही. दगडफेकीची यंत्रं मुळात चिन्यांचीच. एक लांब वासा आडव्या कण्यावर टेकवायचा, लांब टोकाला गोफण, आणि आखूड टोकाला दोर बांधून माणसांनी एकदम ओढायचं. १०४४ सालच्या एका चिनी युद्धग्रंथात सर्वांत मोठ्या यंत्राला २५० माणसं ओढायला लागतात असं दिलंय. २५० माणसांनी एकाच क्षणी, एकाच जोराने ओढायचं आणि दर वेळी दगड त्याच जागी पडायला हवा. ज्यांनी टीम मॅनेज केली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

पश्चिमेकडे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूला, बाराव्या शतकापासून दुसरी युक्ती होती. माणसं काढून टाका आणि आखूड टोकाला वजनाची अवाढव्य पेटी टांगा. कोकणात विहिरीवरची ओकती आठवा, एका टोकाला दगड बांधलेला असतो आणि त्या वजनाने पाणी वर येतं. तेच तत्त्व, फक्त पोहऱ्याच्या जागी गोफण. पेटी सोडली की ती खाली येते, वासा गरकन फिरतो, दगड सुटतो. वजन तेच, उंची तीच, म्हणून मारा दर वेळी जवळजवळ त्याच ठिकाणी. दगडही मोठा. माझ्या मते खरा फरक ताकदीचा कमी आणि नेमकेपणाचा जास्त. तटाच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटता आलं पाहिजे.

हे तंत्र कुबलाईच्या पुतण्याच्या राज्यात होतं. हा पुतण्या म्हणजे इराणचा इलखान अबाका, बगदाद बुडवणाऱ्या हुलागूचा मुलगा. १२७१ मध्ये कुबलाईने त्याच्याकडे माणसं मागितली आणि दोघे जण आले. एकाचं नाव इस्माईल, दुसऱ्याचं अलाउद्दीन (आपला देवगिरीवाला खिलजी नव्हे, त्याची स्वारी यानंतर पंचवीस वर्षांनी).

ही नावं 'युआन शी' या अधिकृत इतिहासात आहेत. मंगोलांची युआन राजवट गेल्यावर मिंग दरबाराने तो १३७० मध्ये पुरा केला, आणि या दोघांची छोटी चरित्रं त्यात दिली. पण दुसरा साक्षीदारही आहे. अबाकाच्या नातवांचा वजीर रशीदुद्दीन लिहितो की कारागीर दमास्कस आणि बालबेककडचा होता, त्याच्या अबू बक्र, इब्राहीम आणि मुहम्मद या मुलांनी मिळून सात मोठी यंत्रं उभारली. नावं जुळत नाहीत, पण गाभा जुळतो: पश्चिम आशियातले मुसलमान कारागीर, बोलावून आणलेले. शिवाय चिनी भाषेत त्या यंत्राचं नावच 'हुइहुइ पाओ' पडलं, म्हणजे मुसलमानी दगडफेक्या. जर्मन पाओ म्हटल्याचं कुठे दिसत नाही. मार्को पोलोची साक्ष मी फेटाळली.

'युआन शी' सांगतो की दोघे कुटुंबासकट, सरकारी डाकेच्या घोड्यांवरून राजधानीत आले. राहायला सरकारी घर मिळालं. आधी राजवाड्याच्या दरवाजासमोर एक यंत्र उभारून दाखवायला सांगितलं (डेमो कुणाला चुकलाय?), बादशहा खूश झाला, कपडे मिळाले. मग वेढ्यावर रवानगी.

१२७३ च्या सुरुवातीला मंगोलांनी दोन शहरांमधला पूल जाळून तोडला आणि नव्या यंत्रांनी आधी फानचेंग फोडलं. न्यू फू नावाचा सुंग सरदार गल्लीगल्लीत लढला आणि शेवटी त्याने पेटत्या आगीत उडी घेतली. मग यंत्रं शियांगयांगकडे वळली. इस्माईलने जमिनीचा अंदाज घेऊन यंत्र शहराच्या आग्नेय कोपऱ्याकडे लावलं. दगड १५० चिन वजनाचा, म्हणजे सुमारे ९० किलो. जिथे पडला तिथे सात चिनी फूट जमिनीत गेला. एक दगड टेहळणीच्या बुरुजावर बसला, गडगडाटासारखा आवाज झाला, आणि तटावरून उतरून शरण येणाऱ्यांची रीघ लागली. मंगोलांकडचा सेनापती आरिग काया तटाखाली गेला, किल्लेदार ल्यू वेनहुआनशी बोलला, बाण मोडून शपथ घेतली की तुला मारणार नाही. ल्यू शरण आला. पुढे त्यानेच युआन फौजेला यांगत्सेची वाट दाखवली. १२७६ ला राजधानी हांगचौ पडली, १२७९ ला सुंग संपले.

आता मूळ प्रश्न. या दोघांना पाठवलं की पळवलं?

मंगोलांचा रिवाज बघा. १२२० मध्ये समरकंद घेतल्यावर त्यांनी तीस हजार कारागीर बाजूला काढून चंगीझच्या मुलांत आणि नातेवाइकांत वाटले, असं जुवैनी हा इराणी इतिहासकार लिहितो. वाटले, ताट-वाट्या वाटाव्यात तसे. १२५४ मध्ये रुब्रुक हा पाद्री काराकोरमला गेला, तर तिथे त्याला पॅरिसचा सोनार गियोम बुशे भेटला. हंगेरीच्या स्वारीत पकडून आणलेला. त्याने खानासाठी चांदीचं झाड बनवलं होतं, त्यातून दारू वाहायची. उलट दिशेनेही हेच चालायचं: १२५० च्या दशकात हुलागू पश्चिमेला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर दगडफेकीच्या यंत्रांवरची हजारभर चिनी घराणी दिली होती.

आमचा इस्माईल मात्र साखळदंडात आला नाही. विजयानंतर त्याला २५० लियांग चांदी मिळाली, या यंत्रांवरच्या कारागिरांचा मुख्य अधिकारी केलं, अधिकाराचं वाघमुद्रेचं पदक मिळालं. याला अपहरण म्हणणं जड जातं.

पण मागणी कुबलाईची, होकार अबाकाचा. इस्माईलला कुणी विचारलं? पुस्तकात क्रियापद आहे ते हुकमाला 'उत्तर म्हणून' माणसं देण्याचं. देणारा पुतण्या, घेणारा काका. आणि कुटुंब बरोबर आलं याचा मला पहिल्यांदा आनंद झाला, मग वाटलं, मागे परत जाण्यासारखं उरलं काय?

इथे माझं थोडं. मी देशाबाहेर पहिल्यांदा आलो तो आखातात. कंपनीचं नाव सांगत नाही. पगार वेळेवर, रूम ठीक, मॅनेजर सज्जन, रमझानमध्ये आग्रहाने जेवायला घालायचा. फक्त पहिल्याच दिवशी पासपोर्ट 'सेफ कस्टडी'साठी घेतला आणि तिजोरीत ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं, आणि स्वतःचाच पासपोर्ट मिळवायला अर्ज, सही, दुसरी सही, मधे शुक्रवार, असे तीन दिवस गेले. बाबा बरे झाले, देवाची कृपा. पण त्या तीन दिवसांत मी नोकरीला होतो की आणखी काही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणून इस्माईलच्या फायलीवर 'पळवला' असा शिक्का मारायला माझा हात धजत नाही, आणि 'पाठवला' असाही नाही.

इस्माईल पुढच्याच वर्षी, १२७४ मध्ये, आजारी पडून वारला. त्याची जागा मुलाला दिली. सुंगांनी तोवर पकडलेल्या नमुन्यावरून तशीच यंत्रं बनवायला घेतली होती, आणि दगडाचा मार झेलायला भाताच्या पेंढ्याचे जाडजूड ओले दोर छपरांवरून सोडायची युक्तीही काढली होती. उशीर झाला, एवढंच.

अलाउद्दीन मात्र खूप जगला. दक्षिणेच्या मोहिमांवर गेला, बढत्या मिळाल्या, १३०० साली म्हातारपणामुळे कामातून मोकळा झाला, आणि १३१२ मध्ये वारला. आल्यापासून एक्केचाळीस वर्षांनी. त्याच्यामागे तेच पद आधी मुलाकडे गेलं, मग नातवाकडे.

कुणी रशीदुद्दीन मूळ फारसीतून वाचला असेल तर त्या तीन मुलांबद्दल जरूर लिहा.

चू. भू. द्या. घ्या.