आडवी बाटली येईपर्यंत

कृष्णा आणि तारळी उंब्रजला एकमेकींना भेटतात. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग गावाला खेटून जातो. पश्चिमेला चाफळ-पाटणची वाट फुटते, पूर्वेला मसूरची. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथल्या मठात आहे. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, मसूर, शहापूर ही त्या अकरातली आणखी काही ठिकाणेही जवळच आहेत. शरीर कमवावे, तालीम करावी, अंगात बळ आणावे ही शिकवण या खोऱ्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीच मिळाली. तरी दारू या खोऱ्याचीही पाठ सोडायला तयार नाही. महामार्गावर कुठल्याही फाट्याला उतरले, की चहाची टपरी, पानपट्टी आणि परमिट रूम हाकेच्या अंतरावर असतात.

या दारूविरुद्ध कृष्णाकाठाने दिलेली लढत दीडशे वर्षांची आहे. तिचा इतिहास सलग कुठे सापडत नाही. सत्यशोधक चळवळ, स्वातंत्र्यलढा, वारकरी फड आणि बायकांच्या सभा यांच्या हकिगतींत तो विखुरलेला आहे. ते तुकडे जुळवत गेले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. गाव आधी उठले तिथे दारू हटली. नुसता कायदा आला तिथे ती पुढच्या दाराने गेली आणि मागच्या दाराने परत आली.

सुरुवात इंग्रजी अमलापासून करावी लागते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे सरकारी परवान्याखाली आणले. घरची, रानातली दारू गुन्हा ठरली आणि मक्त्याची दारू सरकारी उत्पन्नाचे साधन झाली. ज्या मालावर तिजोरी भरते, त्याचा खप कमी व्हावा असे कोणत्या सरकारला वाटेल? प्रश्नाचे मूळ तेव्हापासून इथेच आहे.

जोतीराव फुल्यांना हे लवकर उमगले होते. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले कटगुण. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, जुलै 1880 मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. या दुकानांमुळे अनेक कुटुंबे धुळीला मिळत आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे टिळकांनीही 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन करणाऱ्या स्वयंसेवकांना पाठबळ दिले. बाकी बहुतेक प्रश्नांवर एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या या दोन परंपरा दारूच्या बाबतीत एका बाजूला होत्या, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते.

सातारा जिल्ह्यात हा विचार खेड्यापाड्यांत नेला तो सत्यशोधक जलशांनी. तमाशाचाच बाज, तीच ढोलकी, तेच झील धरणारे साथीदार. विषय मात्र सावकारी, भटशाही, खर्चिक लग्ने, मुलांचे शिक्षण आणि दारू. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना रात्रभर बसून ऐकता येत होते. कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक परिषद भरली आणि 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटलांनी तिथेच रयत शिक्षण संस्था सुरू केली. शाळा आणि दारूबंदी ही त्या लोकांच्या लेखी वेगवेगळी कामे नव्हती. गुत्त्यात जाणारा पैसा पाटी-पुस्तकाकडे वळवायचा, असा साधा हिशेब होता. गाडगे महाराजांच्या कीर्तनातही हाच हिशेब असे. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कराडचे महाविद्यालय 1954 मध्ये त्यांच्या नावाने उभे राहिले.

मग आले 1942. त्या वेळी आजचे सातारा आणि सांगली मिळून एकच सातारा जिल्हा होता. कराड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या. त्यातून भूमिगत कार्यकर्त्यांचे जे जाळे विणले गेले, त्याला 1943 पासून प्रतिसरकारचे रूप आले. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे नाव आणि चेहरा. किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी हे त्याचे हातपाय.

प्रतिसरकार म्हटले की रेल्वे, खजिन्याची लूट आणि पायाला ठोकलेली पत्री एवढेच लोकांना आठवते. त्याचे रोजचे काम मात्र निराळे होते. गावोगाव न्यायदान मंडळे बसली. बांधाची भांडणे, सावकाराची कागदपत्रे, बाईवर झालेला अत्याचार यांचे निवाडे तिथे होत. खर्चिक लग्नांऐवजी अगदी थोडक्यात उरकलेली ‘गांधी लग्ने’ लागत. आणि दारूवर बंदी होती. गाळणाऱ्याला आणि विकणाऱ्याला गावासमोर जाब द्यावा लागे. शिक्षा कठोर होत्या, काही वेळा अमानुषही, हे आज मान्य करायला हवे. पण भट्टी बंद राहिली ती केवळ पत्रीच्या धाकाने नव्हे. भट्टी कुठल्या ओढ्याला लागते, माल कोणाच्या घरी उतरतो, हे गावाला माहीत असते. पोलीस ठाण्याला ते कळायला खबऱ्या लागतो. ज्यांना माहीत आहे त्यांच्याच हाती निवाडा आला, हा त्या तीन वर्षांतला खरा फरक होता.

या चळवळीत उंब्रजजवळच्या इंदोलीची एक मुलगी होती. सोळा-सतरा वर्षांची असताना ती घर सोडून बाहेर पडली, राष्ट्र सेवा दलाच्या कामाला लागली, भूमिगतांसाठी शस्त्रांची ने-आण केली, बायकांना संघटित केले. ती इंदुताई निकम, लग्नानंतर कासेगावच्या इंदुताई पाटणकर. त्यांचे पती बाबूजी पाटणकर यांचा 1952 मध्ये खून झाला. त्यानंतरही इंदुताई थांबल्या नाहीत. 1980 च्या दशकात सातारा-सांगलीत परित्यक्ता बायकांचा प्रश्न घेऊन स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, तेव्हा त्या तिच्या आधारवड होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या सभेत दारूचा विषय वेगळा काढावा लागत नाही. तो आपोआप निघतो. 2017 मध्ये इंदुताई गेल्या.

स्वातंत्र्य मिळाल्यावर राज्याने 1949 मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि 1950 पासून तो सगळ्या मुंबई राज्यात लागू झाला. हेतू चांगला होता. मात्र न्यायदान मंडळाचे काम आता जमादाराकडे गेले. मग ओढ्याकाठी हातभट्ट्या लागल्या. काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल, पत्र्याचे डबे आणि ट्रकच्या चाकाची ट्यूब. कराड ही गुळाची मोठी पेठ असल्याने कच्च्या मालाला कधी तोटा पडला नाही. 1960 च्या दशकात परवाने सैल झाले. 1973 मध्ये देशी मद्याचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूची दुकाने उघडली. कायद्याचे नाव मात्र दारूबंदीचेच राहिले. महाराष्ट्रात आजही दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

याच काळात कृष्णाकाठी ऊस आला. सहकारी साखर कारखान्यांनी या भागाचे नशीब पालटले, यात शंका नाही. शाळा, दवाखाने, पाणीयोजना त्यांच्यामुळे आल्या. पण साखर काढून उरते ती मळी, आणि मळीतून मद्यार्क निघतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या उसाने गाव वर आले, त्याच उसाचा एक अंश देशीच्या बाटलीत भरून गावच्या फाट्यावर परत येऊ लागला. या साखळीवर या भागातले पुढारी क्वचितच बोलले. बोलायला हवे होते.

साताऱ्याची माणसे मात्र गप्प बसली नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी इथे ‘परिवर्तन’ संस्थेमार्फत व्यसनमुक्तीचे काम उभे केले. दारुडा हा पापी नसून आजारी माणूस आहे, त्याला उपचार लागतात, ही जाण त्यातून जिल्ह्यात रुजली. 31 डिसेंबरला चौकात दूध वाटणारी ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ ही अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीमही अनेकांना आठवत असेल. दुसरीकडे, वारकरी परंपरेतले बंडातात्या कराडकर यांनी व्यसनमुक्त युवक संघ उभारला. तुळशीची माळ घातली की दारू सुटली, हा वारकऱ्यांचा जुना उपाय त्यांनी तरुणांसाठी वापरला. विवेकवादी डॉक्टर आणि कीर्तनकार यांचे मार्ग एकमेकांपासून फार लांबचे. एकाच जिल्ह्यात दोघांनाही माणसे मिळाली, कारण घराघरांत दुखणे एकच होते.

या सगळ्याला धार आली ती 25 मार्च 2008 च्या सरकारी आदेशाने. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के जणींनी सह्यांनिशी मागणी केली, तर सरकारला गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावे वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावे वाटत असेल तर आडवीवर. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही कळेल अशी ही खूण आहे. उभी बाटली म्हणजे भरलेली, आडवी म्हणजे लवंडलेली. पाटलाच्या वाड्यात किंवा पुढाऱ्याच्या ओटीवर ज्या बाईला कधी कोणी मत विचारले नव्हते, तिने नवऱ्याला न सांगता, पडद्याआड, एका शिक्क्याने परवाना रद्द करायचा. पाऊणशे वर्षांच्या दारूबंदीच्या कायद्यात इतके मोलाचे दुसरे काही झालेले नाही.

सातारा जिल्ह्याने हे हत्यार लवकर हाती घेतले. जावळी तालुक्यात व्यसनमुक्त युवक संघाच्या कार्यकर्त्यांनी आणि बायकांनी गावामागून गाव घेत मतदाने घडवली आणि दारूची दुकाने नसलेला तालुका म्हणून जावळीचे नाव राज्यभर झाले. तेही डोंगराळ, पावसाने झोडपलेल्या, अर्धी माणसे मुंबईला असलेल्या तालुक्यात.

मुंबईची ही गोष्ट महत्त्वाची आहे. आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. म्हणजे जी बाई आलीच नाही, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला. पाटण आणि जावळीची किती कुटुंबे माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबईत आहेत! त्यांची नावे गावच्या यादीत. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची नावे माहेरच्या यादीत. वारलेल्या म्हाताऱ्यांचीही नावे तशीच. त्यातून सह्यांच्या पडताळणीला अधिकारी येतात त्या दिवशी बाई उसाच्या खुरपणीला गेलेली असते. दुकानदाराला काहीच करावे लागत नाही, नुसती यादी जुनी राहिली तरी पुरते.

महामार्गावरच्या गावांना मध्यंतरी अनपेक्षित मदत मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. एप्रिल 2017 पासून रस्त्याकडेच्या दुकानांना कुलपे लागली. लहान वस्त्यांसाठी हे अंतर 220 मीटर झाले, पुढे आणखी सवलती आल्या आणि बरीच कुलपे निघाली. न्यायालयाचा आदेश अपघात टाळण्यासाठी होता, गावाच्या मागणीवरून नव्हता. त्यामुळे कुलपे निघाली तेव्हा ती राखायला गावही उभे नव्हते.

आता एक अवघड गोष्ट. दारूच्या दुकानावर मोर्चा नेणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींच्या कनवटीला मिसरीची डबी असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी उठल्याबरोबर दातांना लावायची, ही पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांतली जुनी रीत. पुणे जिल्ह्यातल्या सुमारे एक लाख ग्रामस्थांच्या, 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 39 टक्के बायका मिसरी लावताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते. तिच्याने भूक मरते, कामाचा शीण कळत नाही, म्हणून सासूकडून सुनेकडे ती आली. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. मिसरी घरातच भाजली जाते, तिला दुकान लागत नाही. तिच्यासाठी आडवी डबी छापणार कोण? तिथे आशाताई, शाळेतल्या बाई आणि बचत गटाची बैठक एवढेच मार्ग आहेत, आणि ते फार कमी वापरले गेले.

नव्या संकटाला तर तव्याचाही वास नाही. मार्च 2024 मध्ये मुंबई पोलिसांनी सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळ तालुक्यातल्या इरळीत मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना पकडला आणि शंभर किलोहून जास्त साठा हस्तगत केला. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत तसाच कारखाना सापडला. द्राक्षबागांच्या आणि यंत्रमागांच्या या मुलखात शेजारच्या शेडमध्ये काय शिजते, हे गावाला कळले नाही, की कळूनही कोणी बोलले नाही? ओढ्याकाठची भट्टी ओळखणाऱ्या गावाला हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागेल.

बाटली तेवढी अजून गावाच्या हातात आहे. उंब्रजच्या आसपासच्या, खरे तर कुठल्याही गावातल्या बायकांना दारूचे दुकान नको असेल, तर त्यांनी सह्या गोळा करण्याआधी तहसील कार्यालयात जाऊन मतदार यादी मागून घ्यावी, वाचावी, आणि सासरी गेलेल्या व वारलेल्या बायकांची नावे रीतसर अर्ज देऊन कमी करून घ्यावीत. मग सह्या घ्याव्यात, आणि मतदानाच्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या लेकी-सुनांच्या एस.टी.चे भाडे गावाने वर्गणीतून द्यावे.