घाट, ओझे आणि गिअर : एका फ्रेंच वादाची कथा

सामान लादून दूरच्या प्रवासाला निघायचे, तर सायकल कोणती घ्यावी? जाणता प्रवासी रंग, वजन यांच्याआधी सर्वांत हलका गिअर कोणता ते विचारतो. हा साधा प्रश्न प्रतिष्ठित व्हायला फ्रान्समध्ये कित्येक दशके लागली.

पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा सेंट-एतिएनचा रेशमाचा व्यापारी. १८८७ मध्ये त्याने सायकलींचे दुकान थाटले, ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक काढले आणि त्यात तो ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहू लागला. शहराबाहेरच ११६१ मीटर उंचीची कोल द ला रेप्युब्लिक ही खिंड आहे. तेव्हाच्या सायकलीला गिअर एकच. तो सपाटीला जुळवला, तर घाटात उतरून ढकलत जावे लागे; चढाला जुळवला, तर सपाटीवर पाय नुसतेच गरगरत. वेलोसिओने पुढे दोन दातेरी चक्रे बसवली. चेन हातानेच सरकवावी लागे, तरी तेवढ्यानेही खिंड जवळ आली.

यामागचे गणित सोपे आहे. चाकाचा परीघ २.१ मीटर धरू. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल ६.३ मीटर पुढे जाते. पुढे २६, मागे ३४ असतील, तर जेमतेम १.६ मीटर. वेग जातो, पण तेच पाय ओझ्यासकट चढ चढतात.

शर्यतवाल्यांना हे पटत नव्हते. १९०२ मध्ये तूरिंग क्लबच्या डोंगराळ चाचणीत तीन गिअरच्या सायकलीवरील मार्थ हेस हिने एकाच गिअरवर धावणाऱ्या नामांकित स्पर्धकाला मागे टाकले, असे सायकलींच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. संपादक आंरी देग्रांज यांचे मत मात्र असे, की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. खऱ्या खेळाडूने स्नायूंच्या बळावर जिंकावे. (मागे शिधा, तंबू बांधलेला असता तर हा बाणा किती टिकला असता?) त्यांनीच १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू केली आणि पहिल्याच वर्षी तिचा मार्ग वेलोसिओच्या खिंडीवरून गेला.

त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. वेलोसिओ १९३० मध्येच ट्रामच्या अपघातात गेला होता. त्याच्या नावाने त्या खिंडीवर सायकलस्वारांचा चढाईचा दिवस भरतो. तो मात्र १९२२ साली, त्याच्या हयातीतच सुरू झाला होता.