टोकिओवरील आगबॉम्ब हल्ला (१९४५) : मृतसंख्येची छाननी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बी-२९ विमानांनी पूर्व टोकिओतील दाट वस्तीवर केलेला रात्रीचा हल्ला. त्याची तारीखही दोन प्रकारे आढळते : ९ मार्च व १० मार्च. विमाने मारियाना बेटांवरून ९ तारखेच्या संध्याकाळी निघाली; टोकिओत पहिले बॉम्ब मध्यरात्रीनंतर १२ वाजून ८ मिनिटांनी पडले आणि हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला १२.१५ ला. त्यामुळे ‘आधी आग दिसली, मग भोंगा ऐकला’ असे सांगणाऱ्याची साक्ष चुकीची ठरवण्याची घाई करू नये.

खरा पेच मृतसंख्येचा. टोकिओ पोलिसांचा आकडा ८३,७९३, तर अमेरिकी बॉम्बहल्ला सर्वेक्षणाचा ८७,७९३. फरक एकाच अंकाचा, आणि जखमी मात्र दोन्हीकडे ४०,९१८! हे आकडे दोन स्वतंत्र मोजण्यांचे नसून एकाच नोंदीचे असावेत, नकलेत एक अंक बदलला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक.

दोन्ही आकडे कमीच असण्याचा संभव आहे. अख्खी कुटुंबे जळाली, तिथे बेपत्ता माणसाची खबर देणार कोण? सुमिदा नदीत उडी घेतलेले कित्येक जण वाहून गेले. म्हणून आज साधारण १,००,००० हा अंदाज रूढ आहे. टोकिओतील योकोआमिचो उद्यानातील स्मारकात सुमारे १,०५,००० हवाई हल्ल्यांतील मृतांच्या अस्थी आहेत. मात्र त्यांत शहरावरील इतर हल्ल्यांचे बळीही असल्याने तो आकडा जसाच्या तसा या एका रात्रीच्या नावावर लावता येत नाही.